व्हीपीएस दुपारी गळपटतो, कंपनी म्हणते तुमचंच सॉफ्टवेअर जड. खरं कोणाचं?

काटापट्टी (जळगाव)

नमस्कार मंडळी. पोस्ट जरा लांबलचक आहे. दोन ओळींत विचारलं की "रॅम वाढवा" एवढंच उत्तर येतं, म्हणून सगळं सांगते.

मी जळगावात एकटीच काम करते, जिनिंगवाल्यांसाठी (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) काट्याचं सॉफ्टवेअर. धरणगाव, पाचोरा, बोदवड या पट्ट्यातल्या काही जिनमध्ये ते चालतं. काम तसं साधं आहे. कापसाची भरलेली गाडी काट्यावर आली की वजन घ्यायचं, ती आत खाली होऊन आली की रिकामीचं वजन घ्यायचं, मग वजाबाकी, ओलाव्याची कपात, भाव, आणि पट्टी छापायची. ती पट्टी बघून दिवाणजी पैसे मोजतो. शेठला मात्र घरबसल्या मोबाईलवर आज किती क्विंटल आवक झाली ते दिसतं, आणि खरं सांगायचं तर सॉफ्टवेअर विकलं जातं ते या शेवटच्या गोष्टीवरच. बाकी वहीतही होतंच की सगळं.

हे सगळं एका व्हीपीएसवर आहे, म्हणजे कंपनीच्या मोठ्या मशीनचा भाड्याने घेतलेला एक आभासी तुकडा. उबुंटू २२.०४, पीएचपी, डेटाबेसला मारियाडीबी. कंपनी आपल्याच देशातली, डेटा सेंटर मुंबईला. नाव लिहीत नाही, कारण सीझनभर तिथेच राहावं लागलं तर भांडण नको. उन्हाळ्यात घेतला तेव्हा नुसता पळत होता. पण कापूस नसताना कुठलाही सर्व्हर पळतो.

दिवाळीनंतर आवक वाढली आणि रोज दुपारी, साधारण अकरा ते तीन, सर्व्हर मान टाकायला लागला. फोनवरून काही कळेना म्हणून पाचोऱ्याकडच्या एका जिनमध्ये काट्याच्या केबिनमध्येच जाऊन बसले. इंडिकेटरवर लाल आकडे स्थिर, ५४६०. ट्रॅक्टरवाला खाली उतरून खिडकीला हात टेकून उभा. काट्यावरच्या पोराने ‘सेव्ह’ दाबलं आणि पडद्यावर गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. पोराने माझ्याकडे बघितलंही नाही, सवयीने पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर ५४६० आणि गाडीचे शेवटचे चार आकडे लिहून टाकले. त्या पुठ्ठ्यावर आधीचे असे कितीतरी आकडे होते, काही खोडलेले, काहींवर चहाचा डाग. मागे गाड्यांची रांग गेटबाहेर डांबरीवर गेलेली. कापसाच्या काट्यावर शेतकऱ्याचा आधीच विश्वास कमी, त्यात पडदा गोलगोल फिरतोय म्हटल्यावर तो काय म्हणणार? "पोरा, काटा जुळवी राह्यना का?"

कंपनीला तिकीट टाकलं. पहिलं उत्तर: आमच्या बाजूने सर्व्हर चालू आहे. (चालू आहेच, पडला असं मी म्हटलंच नव्हतं.) दुसरं उत्तर: तुमचं ॲप्लिकेशन ऑप्टिमाइझ करा. तिसरं: प्लॅन वाढवा. त्यांच्या म्हणण्यावरून २ कोअर ४ जीबीचा ४ कोअर ८ जीबी केला. पैसे जवळपास दुप्पट, दुपार तशीच.

माझ्याकडून जे तपासलं ते असं. रॅम निम्मी मोकळी, स्वॅपला (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) हात लागलेला नाही. स्लो क्वेरी लॉग (डेटाबेसला विचारलेले जे प्रश्न रेंगाळतात त्यांची नोंद) लावला, तर जी क्वेरी सकाळी डोळ्याचं पातं लवायच्या आत होते तीच दुपारी तीन-चार सेकंद घेते. तीच क्वेरी, तोच इंडेक्स. मग ‘टॉप’ (मशीनवरचा भार दाखवणारी कमांड) उघडून सीपीयूची ओळ बघितली: ‘यूएस’ (प्रोग्रामचं काम) वीसच्या आसपास, ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट बघणं) जवळपास शून्य, आणि शेवटी ‘एसटी’ म्हणून जो आकडा असतो तो ३५ ते ४०. या एसटीकडे आजवर मी कधी लक्षच दिलं नव्हतं, तो कायम ०.० असायचा.

वाचलं त्यावरून एवढं कळलं की याला स्टील टाइम म्हणतात, म्हणजे माझ्या मशीनला काम करायचं होतं पण खालच्या खऱ्या मशीनने सीपीयू दुसऱ्याला दिला. असं असेल तर माझं सॉफ्टवेअर जड कसं? हे कंपनीच्या गळी कसं उतरवायचं? आणि ऐन सीझनमध्ये सर्व्हर हलवायचं धाडस करू की आणखी प्लॅन वाढवू? जिनमध्ये रविवार सोडला तर काटा बंद नसतो.

तापीकाठ (भुसावळ, सध्या पुणे)

ताई, निदान बरोबर आहे. तरी दोन गोष्टी आधी पक्क्या करून घ्या, नाहीतर सपोर्टवाला त्यातच पळवाट काढेल.

एक म्हणजे स्टील नेहमी शेजाऱ्यामुळेच (त्याच खऱ्या मशीनवरच्या दुसऱ्या ग्राहकामुळेच) असतं असं नाही. काही प्लॅन मुळातच बर्स्टचे असतात. रोजची मर्यादा ठरलेली, क्रेडिट साठवायचं, संपलं की कंपनी स्वतःच तुमचा सीपीयू दाबते, आणि तो दाब आतून एसटी म्हणूनच दिसतो. ॲमेझॉनच्या टी मालिकेतल्या मशीनवर हे बऱ्याचदा होतं. तुमच्या प्लॅनच्या अटींमध्ये ‘फेअर यूज’ किंवा सीपीयूची टक्केवारी लिहिलेली आहे का बघा. लिहिलेली असेल तर कंपनी नियमाने वागतेय, तुमचा प्लॅनच कामाचा नाही.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. एसटी फक्त तुमच्या मशीनला काम असतं तेव्हाच दिसतो. मशीन रिकामं असेल तर शेजारी कितीही दंगा करो, तुम्हाला शून्यच दिसणार. म्हणून रात्री शून्य आणि दुपारी चाळीस एवढंच दाखवलंत तर ते म्हणतील, बघा, तुमचा लोड वाढला की होतं. यावर उपाय म्हणजे ठरलेलं, मोजता येणारं एकच काम दोन्ही वेळी करून बघायचं. सिसबेंच (वेग मोजायचं साधन) टाका, सीपीयूची चाचणी एकाच थ्रेडवर (एका वेळी एकच काम) दहा सेकंद चालवा. सेकंदाला किती इव्हेंट झाले तो आकडा येतो. तो रात्री दोनला घ्या, पहाटे घ्या, दुपारी बाराला घ्या. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) टाकून द्या, जागत बसू नका. सोबत सिसस्टॅट चालू करा, त्यातलं ‘सार’ दर दहा मिनिटांनी सीपीयूची नोंद ठेवतं, एसटीसकट. मग तिकिटात गोष्ट सांगायची नाही, तक्ता चिकटवायचा.

प्लॅन वाढवून फरक का पडला नाही? बहुतेक ठिकाणी प्लॅन वाढवला की मशीन त्याच नोडवर (खालच्या खऱ्या मशीनवर) राहतं, फक्त आकडे बदलतात. गर्दीच्या डब्यात एकाऐवजी दोन तिकिटं काढल्यासारखं. म्हणून मागणी ही करायची: मला दुसऱ्या नोडवर हलवा. केव्हीएम (खऱ्या मशीनचे आभासी तुकडे करायची एक पद्धत) असेल तर चालू मशीन बंद न करता हलवता येतं. ‘सिस्टीमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ ही कमांड मारा, ‘केव्हीएम’ लिहून येतं की ‘ओपनव्हीझेड’ ते कळेल. ओपनव्हीझेड आलं तर कर्नलही (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) शेजाऱ्यांसोबत वाटून घेतलेलं असतं. तिथे वाद घालत बसू नका, निघा.

साक्रीवाला (धुळे जिल्हा)

आते काय सांगू ताई, मनी बी हाईच गत व्हयनी व्हती.

माझं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर आहे, तुमच्यासारखंच. फरक एवढाच की आमची गर्दी सकाळी सहाला आणि संध्याकाळी. वर्तमानपत्रात येतात तशा ऑफरचा सर्व्हर घेतला होता, तीन वर्षांचे पैसे आधी भरा म्हणजे महिना अगदी चिल्लर पडतो असा. चिल्लरच्या भावात घेतलं की शेजारी किती भरलेत ते विचारायची सोय नसते. आणि पैसे आधीच भरलेले, म्हणजे भांडायचा जोरही गेला. तेव्हापासून मी महिन्याच्या महिन्याला भरतो. थोडं महाग पडतं, पण आज रुसलो तर उद्या उठून जाता येतं.

मग बाहेरच्या देशातली कंपनी पकडली. सर्व्हर झकास, पण तो जर्मनीत. इथून तिथे जाऊन यायला दीडशे मिलिसेकंद लागतात. एका बटनाला ते जाणवत नाही, पण माझ्या एका पानावर मागेपुढे दहा-बारा विनंत्या, मग जाणवतं. त्यात कार्डाचं लचांड. रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२१ चा नियम लागू झाला तसं दर महिन्याचं आपोआप कापणं बंद पडलं, बँक परत पाठवायची. मेल स्पॅममध्ये, सर्व्हर सस्पेंड, आणि डेअरीवर म्हशीवाले कॅन घेऊन उभे. आता पंधरा हजारांपर्यंत मँडेट (आपोआप कापायची परवानगी) दर वेळच्या ओटीपीशिवाय चालतं, पण समोरच्या कंपनीने ते लावून घेतलेलं असलं तर. म्हणून तुम्ही मुंबईतला सोडू नका, कंपनी बदला पाहिजे तर.

दिवाणजी (धरणगाव)

मी संगणकवाला नाही, जिनवर हिशोबाला होतो, आता मोकळा आहे. मुलाने ही चर्चा दाखवली म्हणून लिहितो. चूक असेल तर सांगा.

ताई, काट्याची पावती मुंबईला विचारून छापायचीच कशाला? काटा इथे, गाडी इथे, शेतकरी इथे. आमच्याकडे रस्त्याचं चौपदरीकरण चाललं तेव्हा जेसीबीने केबल तोडली की दिवसभर नेट नसायचं. तुमचा सर्व्हर कितीही चांगला असला तरी त्या दिवशी काय करणार होतात? वजन केबिनमधल्या संगणकातच पक्कं झालं पाहिजे. शेठला आकडा अर्धा तास उशिरा दिसला तर काही बिघडत नाही. शेतकऱ्याची पट्टी अर्धा तास अडली तर गेटवर भांडण होतं, आणि पुढची गाडी तो दुसऱ्या जिनला नेतो. पुठ्ठ्यावर आकडा लिहिणारं पोरगं हुशार आहे, पण भरलेल्या आणि रिकाम्या वजनात एखाद्या दिवशी गाडी बदलली की हिशोब कोण देणार?

काटापट्टी

दिवाणजी काका, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. केबिनमधल्या संगणकात वजन साठवून नंतर वर पाठवायचं असं अर्धवट करून ठेवलेलं माझ्याकडे पडून आहे. सीझनच्या तोंडावर नवीन काही घुसवायचं नाही म्हणून थांबले होते. निदान वजन आणि पावती नंबर तरी तिथेच पक्का होईल, एवढा भाग या आठवड्यात चढवते. पावती नंबर दोन ठिकाणी तयार होऊन एकसारखा यायला नको, म्हणून प्रत्येक काट्याला वेगळी मालिका देतेय.

तापीकाठ दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. केव्हीएमच निघालं. अटींमध्ये बर्स्ट वगैरे काही नाही, उलट ‘गॅरंटीड’ असा शब्द आहे. सिसबेंचचे आकडे बघून मलाच धक्का बसला. रात्री आणि पहाटे सेकंदाला साडेआठशेच्या आसपास इव्हेंट. दुपारी बाराला तेच काम तीनशेच्या खाली. एकच थ्रेड, आणि चाचणीपुरता पीएचपी बंद ठेवला होता, म्हणजे माझ्या सॉफ्टवेअरचा संबंधच नाही. रविवारी काटा बंद असताना दुपारी चालवलं, तरी चारशेच्या वर गेलं नाही. शेजारी रविवारीही कामावर असतो वाटतं.

हे सगळं ‘सार’च्या नोंदींसकट तिकिटात चिकटवलं आणि मागणी एकच ठेवली, नोड बदला. यावेळी उत्तर वेगळ्या माणसाकडून आलं, भाषाही वेगळी. "तपासतो", आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हलवलं. आता दुपारी एसटी एक-दोनच्या पुढे जात नाही. पाचोऱ्याहून पोराचा फोन आला, "मॅडम, आज पुठ्ठा लागला नाही."

पण माझं मन काही मानत नाही. आज हा नोड मोकळा आहे, उद्या त्यावरही भरतील. आकडे दाखवेपर्यंत मलाच खोटं ठरवत होते, त्यांच्या स्वतःच्या पडद्यावर नोडचा लोड दिसत असणार की. एसएलएमध्ये (कंपनीच्या सेवेच्या हमीत) ९९.९ टक्के लिहिलंय म्हणून भरपाई विचारली, तर म्हणे तो अपटाइमचा करार आहे, वेगाचा नाही, सर्व्हर तर चालूच होता. प्लॅन वाढवल्याचे पैसेही परत नाहीत.

तापीकाठ

एसएलएच्या बाबतीत कागदावर त्यांचं बरोबर आहे. ९९.९ म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद राहिला तरी चालतं, आणि त्यापेक्षा जास्त बंद राहिला तर पुढच्या बिलात थोडी सूट मिळते. गाडी रांगेत उभी राहिली त्याचे पैसे कुठलीच कंपनी देत नाही.

निघायचं असेल तर ‘डेडिकेटेड सीपीयू’ असं स्पष्ट लिहिलेला प्लॅन घ्या, कोअर कमी चालतील. तुमच्या कामाला दोन खरे कोअर चार उसन्यांपेक्षा बरे. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, लिनोडचंही मुंबईला आहे, डिजिटलओशनचं बंगळुरूला. तिन्हीकडे वापराप्रमाणे बिल लागतं. तेव्हा एक मशीन एका दुपारपुरतं चालू करा, तीच सिसबेंच तिथे लावा, पटलं नाही तर पुसून टाका. जळगावहून एमटीआर (डेटा कुठल्या वाटेने जातो ते दाखवणारं साधन) लावून रस्ताही बघून घ्या. मुंबईत सर्व्हर असूनही काही वेळा ट्रॅफिक भलतीकडून फिरून येतं, ते तुमच्या जिनच्या कनेक्शनवरूनच कळेल. ॲमेझॉनला बाहेर जाणाऱ्या डेटाचे वेगळे पैसे पडतात. तुमच्या पट्ट्यांना ते किरकोळ, पण शेठ लोकांना रोज फोटो-बिटो दाखवत असाल तर हिशोब करा. जीएसटी १८ टक्के धरूनच तुलना करा, जाहिरातीतला आकडा त्याशिवायचा असतो.

निळी_वायर (नंदुरबार)

बॅकअपबद्दल कोणी विचारलंच नाही म्हणून विचारतो. कुठे ठेवता ताई? कंपनीच्या पॅनेलमधलं ‘स्नॅपशॉट’ (मशीनची त्या क्षणाची प्रत) बटन दाबून झोपत असाल तर आधी ते सोडवा, सीपीयू नंतर. बऱ्याच ठिकाणी स्नॅपशॉट त्याच नोडवर नाहीतर त्याच इमारतीत असतो. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, आणि ज्यांचा बॅकअपही तिथेच होता त्यांच्या हाती काही उरलं नाही. ती युरोपातली मोठी कंपनी. आपण तर लहान दुकानातून घेतो.

काटापट्टी

बॅकअप आहे भाऊ. रोज रात्री मारियाडीबीचा डंप (सगळ्या डेटाची प्रत) निघतो, ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ लावून म्हणजे टेबलं अडकत नाहीत, आणि तो माझ्या ऑफिसच्या संगणकावर आणि दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर जातो. महिन्यातून एकदा तो डंप लॅपटॉपवर चढवून कालची आवक जिनच्या वहीशी जुळते का बघते. वडिलांचं किराणा दुकान होतं, रोकड जुळल्याशिवाय शटर ओढायचं नाही ही सवय तिथली.

दोन ठिकाणची मशीनं दुपारपुरती चालवून बघितली. एकीकडे दोन डेडिकेटेड कोअरवर दुपारी बाराला आणि रात्री बाराला आकडा जवळपास एकच आला. ते घेतलंय. महिन्याला आत्ताच्या चार कोअरपेक्षा थोडंसंच जास्त पडतं.

हलवायचा बेत असा आहे. नवीन मशीनला आत्तापासूनच जुन्याची रेप्लिका करून ठेवली, डेटा तिकडे आपोआप पोचतोय. शनिवारी संध्याकाळी डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) टीटीएल, म्हणजे तो पत्ता लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणते. रविवारी काटा बंद असताना जुन्यावर लिहिणं थांबवायचं, रेप्लिका बरोबरीला आली की तिलाच मुख्य करायचं, नाव तिकडे वळवायचं. काही राहिलं का?

तापीकाठ

जुनं मशीन लगेच बंद करू नका. त्यावर एनजिनएक्स ठेवून येईल ती विनंती नवीनकडे ढकला. जिनच्या राऊटरमध्ये जुना पत्ता दोन-दोन दिवस चिकटून बसतो, टीटीएल काहीही असो. आणि जुन्याचा डेटाबेस फक्त वाचण्यापुरता करून ठेवा, म्हणजे चुकूनही दोन ठिकाणी पट्ट्या पडणार नाहीत.

दिवाणजी

रविवारी काटा बंद असतो हे खरं, पण सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी जोरात असली की आमच्याकडे रविवारीही गाड्या घेतल्या आहेत. प्रत्येक शेठला शनिवारी फोन करून विचारून घ्या.

काटापट्टी

विचारलं काका. बोदवडचा एक जण म्हणतो या रविवारी घेणार आहे, दुपारी दोनपर्यंत. मग दोननंतरच सुरुवात करते.